किती वर्षं लागतील, ते आधी लिहा

दूषित शेतजमिनींच्या शुद्धीकरणाचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या समित्यांच्या सर्व सदस्यांस,

स. न. वि. वि.

माझं निम्मं आयुष्य मातीचे नमुने वाळवण्यात, चाळण्यात आणि आम्लात विरघळवण्यात गेलं. त्यामुळे झाडं आणि जिवाणू वापरून जमीन साफ करण्याचे प्रस्ताव अधूनमधून मत देण्यासाठी माझ्याकडे येतात. बहुतेकांच्या पहिल्या पानावर सूर्यफुलांचा फोटो असतो. आतल्या पानांवर 'स्वस्त', 'नैसर्गिक' आणि 'पर्यावरणपूरक' हे शब्द इतक्या वेळा येतात, की मोजायचा कंटाळा येतो. एक आकडा मात्र मी शोधत राहतो आणि तो सापडत नाही: ही जमीन साफ व्हायला किती वर्षं लागणार?

मी या विद्येच्या विरोधात नाही, उलट तिच्या प्रेमात आहे. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे. त्याची साल खरवडली की निळसर-हिरवा चीक गळतो आणि त्या चिकाच्या कोरड्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा निकेल असतो. १९७६ साली हे प्रसिद्ध झालं, आणि धातू असा साठवून ठेवणाऱ्या झाडांना 'अतिसंग्राहक' म्हणायची पद्धत तेव्हापासून पडली. फ्लोरिडात, लाकडावर आर्सेनिकची प्रक्रिया होत असे त्या जागेवर सापडलेला एक नेचा आर्सेनिक मिसळलेल्या मातीत वाढवला, तेव्हा त्याच्या पानांत आर्सेनिक २ टक्क्यांच्या आसपास भरलं; हे २००१ साली प्रसिद्ध झालं. बहुतेक झाडं एवढ्यात कधीच मेली असती. हा मजेत वाढत होता. असं काही वाचलं की मला आजही रात्री झोप लागत नाही. म्हणूनच या विद्येच्या नावावर भलतं काही खपवलं जातं तेव्हा राग येतो.

सूर्यफुलांचीच गोष्ट घ्या. २०११ साली फुकुशिमाच्या अणुभट्टीतून निघालेलं सीझियम आसपासच्या शेतांवर पडलं. लोकांनी हौसेनं सूर्यफुलं लावली, जगभर त्यांचे फोटो छापून आले. जपानच्या शेती मंत्रालयानं रीतसर चाचणी घेतली, तेव्हा सूर्यफुलांनी मातीतल्या सीझियमचा सुमारे दोन हजारावा हिस्सा उचलला असं निघालं. दोष फुलांचा नव्हता. चिकणमातीच्या काही खनिजांच्या थरांमध्ये सीझियमचा कण नेमका अडकून बसतो, आणि मुळांना तो सुटतच नाही. शेवटी शेतांवरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर खरवडून काढावा लागला. तिथल्या सगळ्या सफाईतून निघून साठवणुकीच्या जागी गेलेली माती आणि कचरा मिळून सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर भरला. तरीही प्रस्तावांच्या मुखपृष्ठावरचं सूर्यफूल काही हललेलं नाही.

आता तो आकडा काढायचा कसा, ते सांगतो. अवघड काही नाही, पाचवीच्या गणिताचा हिशेब आहे. एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर म्हणजे २,००० घनमीटर माती. वजन साधारण २,६०० टन. या मातीत किलोला २ मिलिग्रॅम कॅडमियम हा विषारी धातू आहे आणि तुम्हाला ते १ वर आणायचं आहे असं धरा. म्हणजे त्या हेक्टरातून २ किलो ६०० ग्रॅम कॅडमियम उचलून बाहेर न्यायचं आहे. मोहरीसारख्या दांडग्या पिकाचा हेक्टरी १० टन कोरडा माल निघाला आणि त्यात किलोला ५ मिलिग्रॅम कॅडमियम आलं, तर एका पिकामागे ५० ग्रॅम बाहेर पडेल. बावन्न पिकं घ्यावी लागतील. तेही दर वर्षी पहिल्या वर्षाइतकंच कॅडमियम निघत राहिलं तर; आणि ते तसं निघत नाही, कारण मुळांना सहज मिळणारा हिस्सा आधी संपतो आणि उरलेला मातीला घट्ट धरून बसतो.

याउलट, जस्त आणि कॅडमियम पचवणारी मोहरीच्याच कुळातली एक बुटकी युरोपीय वनस्पती आहे. तिच्यात किलोला २०० मिलिग्रॅम कॅडमियम सहज येऊ शकतं. हेक्टरी ३ टन माल धरला तर वर्षाला ६०० ग्रॅम. चार-पाच वर्षांत काम फत्ते, निदान कागदावर. पण हे रोप जमिनीला चिकटून वाढतं, यंत्रानं कापायला नीट येत नाही, आणि ३ टन काढायचं म्हणजे शेतकऱ्याला चांगलाच घाम गाळावा लागतो. तरीसुद्धा या प्रस्तावावर बोलायला मी तयार असेन, कारण इथे निदान बोलण्याजोगा आकडा आहे.

शिशाचा हिशेब केला की हसू येतं. किलोला ५०० मिलिग्रॅमवरून ३०० वर यायचं, म्हणजे हेक्टरी ५२० किलो शिसं काढायचं. शिसं मातीत आणि मुळांतच अडकून राहतं, वर फारसं चढत नाही. दहा टन पिकात किलोला ५० मिलिग्रॅम आलं तर वर्षाला अर्धा किलो. एक हजार चाळीस वर्षं. यावर उपाय म्हणून १९९०च्या दशकात मातीत ईडीटीएसारखी रसायनं ओतून शिसं सुटं करायची टूम निघाली. शिसं सुटलं खरं, पण सगळं झाडात गेलं नाही. बरंचसं पाण्याबरोबर खाली झिरपायला लागलं. शेतातलं विष विहिरीत नेण्याला मी शुद्धीकरण म्हणणार नाही.

मग प्रस्तावांत '३ वर्षांत ६० टक्के घट' असे आकडे येतात तरी कुठून? बहुतेक वेळा कुंडीतून. कुंडीत दोन-चार किलो माती असते आणि मुळं तिचा कानाकोपरा पिंजून काढतात. शिवाय प्रयोगासाठी तिच्यात धातूचा क्षार नुकताच मिसळलेला असतो, पाण्यात साखर विरघळावी तसा. शेतातलं विष तीस-चाळीस वर्षं मातीत मुरलेलं असतं. कुंडीतल्या टक्केवारीला हेक्टरनं गुणलं की प्रस्ताव तयार. आणि शेतातला आकडा दिलाच असेल, तर नमुना किती खोलीवरून घेतला ते विचारा. पहिला नमुना वरच्या १० सेंटिमीटरचा आणि मध्ये एकदा खोल नांगरट झालेली, असं असेल तर खालची स्वच्छ माती वर येते आणि कॅडमियम 'कमी' होतं. त्यात ना झाडाचा हात असतो ना जिवाणूचा, सगळी करामत नांगराची. यात दर वेळी लबाडीच असते असंही नाही. पण असा अहवाल मी तीनदा हातात धरला आहे, आणि तिन्ही वेळा तो मंजूर झालेला होता.

कापलेलं पीक कुठे जाणार, हा प्रश्नही प्रस्तावात सहसा एका वाक्यात आटपतात: 'योग्य विल्हेवाट लावली जाईल'. जाळायचं ठरवलं तर कॅडमियम धुराबरोबर उडतं. धूर गाळायची सोय असलेली भट्टी हवी, आणि मागे उरलेली राखही विषारीच. जनावरांपुढे टाकता येत नाही, खत करून दुसऱ्या शेतात घालता येत नाही. निकेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. अल्बानियात निकेलयुक्त खडकावरच्या जमिनीत एका अतिसंग्राहक झुडपाचं पीक नीट खत घालून घेतलं, तेव्हा हेक्टरी १०० किलोच्या आसपास निकेल निघालं. त्या राखेला बाजारात भाव येऊ शकतो. पण ती जमीन मुळातच निकेलची. ते पीक म्हणजे एक प्रकारची खाणच. त्या उदाहरणावरून कॅडमियमच्या शेताची स्वप्नं रंगवू नका. शिवाय परका पाहुणा शेतात आणण्याआधी जरा थांबा. याच कुळातली झुडपं अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात निकेलसाठी लावली होती. ती कुंपण ओलांडून बाहेर पसरली आणि राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत जाऊन बसली.

जिवाणूंबद्दल बोलताना आधी एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे, कारण प्रस्तावांत इथेच सगळ्यात जास्त घोळ असतो. जिवाणू धातू खाऊन संपवू शकत नाहीत. कॅडमियम हे मूलद्रव्य आहे. जिवाणू त्याचं रूप बदलतील, त्याला धरून ठेवतील, सुटं करतील, पण ते नाहीसं होणार नाही. रूप बदलल्यानंही कधीकधी मोठा फायदा होतो. सहा संयुजेचं क्रोमियम जहाल असतं आणि पाण्याबरोबर वाहतं. जिवाणूंनी ते तीन संयुजेचं केलं की ते मातीत गप्प बसतं. पण याला 'क्रोमियम काढलं' म्हणता येत नाही.

तेल, डिझेल आणि काही कीटकनाशकं-तणनाशकं मात्र जिवाणू खरोखर खातात. यातली मला सगळ्यात आवडणारी कथा अॅट्राझिन या तणनाशकाची. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आलं, तेव्हा ते जमिनीत बराच काळ टिकायचं. १९९०च्या दशकात असे जिवाणू सापडले, ज्यांना ते नत्राचं अन्न म्हणून चालत होतं. ते पचवणारी जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकणाऱ्या डीएनएच्या वेटोळ्यावर होती, आणि ती वेगवेगळ्या खंडांवरच्या मातीत सापडत गेली. पुढे काही ठिकाणी, जिथे ते वर्षानुवर्षं फवारलं जात होतं तिथे, ते इतक्या लवकर नाहीसं व्हायला लागलं की तण मारायलाच पुरेना! कोणी बाटलीतून काही ओतलं नव्हतं. मातीनं आपलं आपण शिकून घेतलं.

म्हणून 'आमचं खास कल्चर', म्हणजे डब्यात भरलेले जिवाणू, विकणारा कोणी समोर आला की मी कान टवकारतो. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडलं, तेव्हा उपयोगी पडलं ते तिथल्याच जिवाणूंना नत्र-स्फुरदाचं खत घालणं. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल खाणारा जिवाणू घडवला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली त्याच्या पेटंटचा मार्ग मोकळा केला. तो खटला जगभर गाजला, पण जिवाणू सांडलेल्या तेलावर कधी सोडला गेला नाही. बाहेरून आणलेला जिवाणू नव्या मातीत बहुधा टिकत नाही. तिथले रहिवासी त्याला खातात किंवा उपाशी मारतात. डिझेल सांडलेल्या जमिनीत कंपोस्ट घालून, ओल राखून, वरचेवर उलटसुलट करून हवा खेळती ठेवली तरी बरंच काम होतं. डब्यातलं कल्चर त्याहून जास्त काही करतं असा दावा असेल, तर शेजारी नुसतं कंपोस्ट घातलेला आणि काहीच न केलेला असे दोन वाफे ठेवायला सांगा. काहीच न केलेल्या वाफ्यातलं डिझेलही उडून आणि कुजून कमी होतंच, आणि तो वाफा नसेल तर त्याचं श्रेय डब्याला जातं.

काही विषांपुढे जिवाणूही हात टेकतात. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक आणि ग्वादलूप बेटांवर केळीच्या बागांत सोंडे किडे मारण्यासाठी १९९३ पर्यंत क्लोर्डेकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. क्लोरिननं चोहोबाजूंनी बांधलेला तो पिंजरा हवेशीर मातीत फारसा फुटत नाही. तिथल्या काही जमिनी शतकानुशतकं दूषित राहतील असा अंदाज आहे. जमिनीत वाढणाऱ्या कंदांत ते विष येतं, केळीच्या घडात सहसा येत नाही. म्हणजे केळी विकायला अडचण नाही, पण त्याच वावरात घरापुरते कंद लावणाऱ्यानं काय करायचं? असं विष असलेल्या जमिनीसाठी तुमच्याकडे 'दोन वर्षांत जिवाणूंनी शुद्धीकरण' असा प्रस्ताव आला, तर तो वाचण्यात वेळ घालवू नका.

आता तुम्ही विचाराल, मग मंजूर करायचं तरी काय? माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी कामं सगळ्यात कमी दिमाखदार असतात. विष बाहेर काढण्याचा हट्ट सोडून ते ताटात येणार नाही एवढं बघणं, हे त्यातलं पहिलं. आम्लधर्मी जमिनीचा सामू चुना घालून वर नेला की कॅडमियम मातीला चिकटतं आणि पिकात कमी जातं. गवताचं दाट आच्छादन, वाळ्यासारखी खोल मुळांची झाडं लावली की धूळ उडत नाही, माती वाहून जात नाही. पण हेही लक्षात घ्या की धातू बाहेर काढायचा तर तो सुटा हवा, आणि जागच्या जागी थोपवायचा तर घट्ट बसलेला हवा. एकाच शेतात चुना टाकून अतिसंग्राहकही लावायचे, असा प्रस्ताव मी पाहिला आहे. एका हातानं दार लावायचं, दुसऱ्यानं ढकलायचं.

भातशेतीत हा पेच आणखी गुंततो. शेतात पाणी भरून ठेवलं की कॅडमियम दबतं, पण आर्सेनिक सुटं होऊन दाण्यात चढतं. पाणी काढलं की उलट. दोन्ही असलेल्या शेतात पाणी कधी ठेवायचं आणि कधी सोडायचं, हे त्या मातीचा अहवाल हातात असल्याशिवाय कोणी सांगू नये.

जपाननं या बाबतीत जे केलं ते बारकाईनं पाहा. जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम भाताच्या शेतांत उतरलं आणि हाडं ठिसूळ करणारा 'इताई-इताई' आजार लोकांना झाला. सरकारनं १९६८ साली कॅडमियमशी त्याचा संबंध मान्य केला. तिथली माती बदलण्याचं काम १९७९ ला सुरू झालं आणि २०१२ ला संपलं. ८६३ हेक्टर, तेहतीस वर्षं. खर्च अफाट आला, म्हणून कमी दूषित शेतांसाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी झाडांकडे पाहिलं. चोकोकोकू नावाच्या भाताच्या वाणात, मुळात कॅडमियम कोंडून ठेवणारं जनुक नीट काम करत नाही, म्हणून ते सगळं वर चढतं. खाण्यासाठी हा भात घातक, पण साफसफाईसाठी नेमका. पाणी काढून टाकून दोन वर्षं तो पिकवला, तेव्हा हेक्टरी ८८३ ग्रॅम कॅडमियम बाहेर गेलं, मातीतलं एकूण कॅडमियम ३८ टक्क्यांनी आणि नंतर घेतलेल्या खाण्याच्या भातातलं ४७ टक्क्यांनी कमी झालं. दुसऱ्या बाजूनं, मुळानं कॅडमियम आत घ्यायचं दारच बिघडलेलं कोशिहिकारी भाताचं वाण त्यांनी २०१२ मध्ये पुढे आणलं. कुठल्या शेतात उचलणारा भात आणि कुठल्या शेतात न उचलणारा, हे माती बघून ठरतं. शिवाय हे पीक शेतकऱ्याच्या ओळखीचं. पेरणी-कापणीची अवजारं तीच. प्रस्ताव असा असावा.

आणि शेतकऱ्याचं काय? 'शुद्धीकरणाच्या काळात खाद्यपीक घेता येणार नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याला पगार मिळत असतो. बेल्जियमच्या कॅम्पीन भागात जस्ताच्या भट्ट्यांमुळे मोठा प्रदेश कॅडमियमनं दूषित झाला. तिथल्या संशोधकांनी हिशेब केला आणि झाडांनी साफ व्हायला अनेक दशकं जाणार हे उघड सांगितलं. म्हणून त्यांनी शेतकऱ्याचं उत्पन्न चालू ठेवणाऱ्या पिकांवर भर दिला: वायू तयार करण्यासाठी मका, जळणासाठी विलो. माती हळूहळू सुधारली तर सुधारली, घर तर चालतं. ज्या प्रस्तावात या मधल्या वर्षांचं उत्पन्न कुठून येणार ते नाही, तो परत पाठवा. तसंच विष यायचं बंद झालं का, हेही विचारा. नाल्याचं पाणी अजून शेतात येत असेल किंवा कॅडमियम असलेलं स्फुरद खत दर वर्षी पडत असेल, तर झाडं लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. युरोपीय संघानं २०२२ पासून स्फुरद खतात, किलो स्फुरदामागे (पी-टू-ओ-फाइव्ह धरून) ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली. ती सैल आहे अशी तक्रार काहींची आहे, माझीही आहे, पण निदान रेघ तरी ओढली.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की तुमच्या अर्जाच्या पहिल्या पानावर, सूर्यफुलाच्या जागी, चार ओळींची जागा ठेवा. एकूण किती किलो विष बाहेर काढायचं आहे, एका पिकामागे किती निघेल, किती वर्षं लागतील, आणि कापलेला माल कुठल्या भट्टीत किंवा खड्ड्यात जाणार. ज्याला हे भरता येत नाही त्याला कुंडीतच अजून थोडे दिवस राहू द्या.

आणखी एक अट, जी कोणी घालत नाही. काम सुरू होण्याआधी घेतलेल्या मातीचा निम्मा भाग वाळवून, बाटलीत सीलबंद करून, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या कोणाकडे तरी ठेवायला लावा. पाच वर्षांत प्रयोगशाळा बदलते, यंत्र बदलतं, माणसं निवृत्त होतात. जुना आकडा एका यंत्राचा आणि नवा दुसऱ्याचा. दोन्ही वेळची माती एकाच दिवशी, एकाच यंत्रावर लावता आली पाहिजे. इंग्लंडमध्ये रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासूनच्या प्रयोगांची माती अशी बाटल्यांत जपून ठेवली आहे, आणि तिथल्या शेतांत कॅडमियम कसं साठत गेलं ते त्याच बाटल्या उघडून कळलं. तुमच्या प्रकल्पासाठी एक कपाट पुरेल. बाटलीवर खोली, तारीख आणि शेताचा तुकडा पेन्सिलीनं लिहा, शाई उडते.

आपला,
मातीचे नमुने तपासणारा एक जण